सारख्या भासणाऱ्या इंग्रजी विशेषणांतील अर्थभेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत पत्र, अहवाल किंवा अर्ज लिहिणाऱ्या आणि इंग्रजी मजकूर मराठीत आणणाऱ्या वाचकांना जी विशेषणे वारंवार अडवतात, त्यांच्याविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही भेद केवळ शैलीचे आहेत. पण करारात, वैद्यकीय अहवालात किंवा धोक्याच्या सूचनेत विशेषण चुकले, तर माणसाचे नुकसान होऊ शकते. अशा भेदांना येथे मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

शब्दकोशात दोन इंग्रजी विशेषणांपुढे एकच मराठी शब्द दिलेला असतो. मग फरक ओळखायचा कसा?

विशेषणाचा खरा अर्थ त्याच्यापुढे कोणते नाम येते, यावरून कळतो. मराठीतही आपण हेच करतो. ‘शिळा भात’ आणि ‘जुना तांदूळ’ यांतील दोन्ही विशेषणे काळ लोटल्याचेच सांगतात. तरी ‘शिळा तांदूळ’ असे कोणी म्हणत नाही, कारण पहिल्या विशेषणात खराब होण्याचा अर्थ आहे आणि तांदळाच्या बाबतीत जुनेपणा हा गुण मानला जातो. मराठी मातृभाषा असलेल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीबाबत मात्र हीच सवय प्रयत्नपूर्वक लावून घ्यावी लागते आणि त्यासाठी विशेषण एकटे पाठ न करता दोन-तीन नामांसह वहीत उतरवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

दुसरी कसोटी विरुद्धार्थी शब्दाची. ‘टॉल’ आणि ‘हाय’ या दोहोंना आपण ‘उंच’ म्हणतो, परंतु पहिल्याच्या विरुद्ध ‘शॉर्ट’ आणि दुसऱ्याच्या विरुद्ध ‘लो’ येतो. माणूस, झाड, मनोरा यांना ‘टॉल’ लागते, कारण तेथे रुंदीच्या मानाने असलेली उभी लांबी मनात असते. किंमत, तापमान, छत, फळी यांना ‘हाय’ लागते, कारण तेथे पातळीचा विचार असतो.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांत नेमका फरक काय?

मराठीत दोन्हींसाठी ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द असल्याने हा प्रश्न सर्वांत अधिक येतो. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात महत्त्वाचा ठरलेला किंवा ठरेल असा. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे भूतकाळाशी किंवा इतिहासाच्या अभ्यासाशी संबंधित. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला शिवराज्याभिषेक ही ‘हिस्टॉरिक’ घटना आहे, आणि १ मे १९६० रोजी झालेली महाराष्ट्र राज्याची स्थापनाही तशीच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा मोडी लिपीतला किरकोळ जमाखर्चाचा कागद मात्र ‘हिस्टॉरिकल’ आहे. त्याने इतिहासाला वळण दिलेले नाही, पण तो इतिहासाचे साधन आहे. कादंबरी, संशोधन, नकाशा, पुरावा या नामांबरोबर जवळजवळ नेहमी ‘हिस्टॉरिकल’ येते. निर्णय, विजय, क्षण यांच्याबरोबर ‘हिस्टॉरिक’ येते.

मग ‘इक’ आणि ‘इकल’ या शेवटांचा काही सर्वसाधारण नियम आहे का?

सर्वत्र लागू पडेल असा नियम नाही आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. काही जोड्यांत अर्थ वेगळा झाला आहे, काहींत झालेला नाही, आणि काही मुळांना एकच रूप आहे. ‘जिऑग्राफिक’ आणि ‘जिऑग्राफिकल’ यांत अर्थभेद नाही. ‘लॉजिकल’ला ‘लॉजिक’ हे विशेषण जोडीला नाही, कारण ‘लॉजिक’ हे नाम आहे; उलट ‘बेसिक’ला ‘इकल’चे रूपच नाही.

अर्थ वेगळा झालेल्यांपैकी तीन जोड्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागणारा. म्हणून देशाचे धोरण ‘इकॉनॉमिक’ असते आणि कमी इंधनात अधिक अंतर जाणारी गाडी ‘इकॉनॉमिकल’ असते. ‘क्लासिकल’ म्हणजे शास्त्रीय किंवा अभिजात परंपरेतला, जसे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत. ‘क्लासिक’ म्हणजे आपल्या प्रकारातला उत्तम किंवा अगदी नमुनेदार, जसे एखाद्या चुकीचे नमुनेदार उदाहरण. तिसरी जोडी जरा नाजूक आहे. प्रत्यक्ष विजेवर चालणाऱ्या किंवा विजेमुळे घडणाऱ्या विशिष्ट गोष्टीला ‘इलेक्ट्रिक’ म्हणतात, म्हणून गाडी, शेगडी आणि विजेचा धक्का ‘इलेक्ट्रिक’. वीज या क्षेत्राशी असलेला सर्वसाधारण संबंध ‘इलेक्ट्रिकल’ने दाखवतात, म्हणून अभियंता, वस्तूंचे दुकान आणि यंत्रणेतला बिघाड ‘इलेक्ट्रिकल’.

येथे एक बाब सहसा कोणी सांगत नाही. या विशेषणांपासून क्रियाविशेषण बनवताना दोन्ही रूपांचा शेवट ‘इकली’ असाच होतो. ‘इकॉनॉमिकली’ या शब्दाचा अर्थ ‘आर्थिकदृष्ट्या’ आहे की ‘काटकसरीने’, हे केवळ वाक्यावरूनच ठरते आणि अनुवादकाने तेथे थांबून विचार केला पाहिजे.

‘आर्थिक’ या एका शब्दासाठी इंग्रजीत ‘इकॉनॉमिक’, ‘फायनान्शियल’, ‘फिस्कल’ आणि ‘मॉनेटरी’ असे चार शब्द का आहेत?

कारण इंग्रजी येथे चार वेगळ्या गोष्टींकडे बोट दाखवते. ‘इकॉनॉमिक’मध्ये उत्पादन, रोजगार, व्यापार असा सगळा व्यवहार येतो. ‘फायनान्शियल’मध्ये पैशाची उभारणी आणि व्यवस्था येते, मग ती व्यक्तीची असो, कंपनीची असो वा बँकेची. ‘फिस्कल’ हा शब्द सरकारी तिजोरीपुरता आहे : कर, सरकारी खर्च, सरकारी कर्ज. ‘मॉनेटरी’ चलनाशी आणि पैशाच्या पुरवठ्याशी निगडित आहे.

भारतात हा भेद दोन वेगळ्या संस्थांच्या कामातून स्पष्ट दिसतो. केंद्र सरकार अर्थसंकल्प मांडते, कर वाढवते किंवा घटवते, ते ‘फिस्कल’ धोरण. मुंबईत मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना अल्पकाळासाठी ज्या दराने कर्ज देते तो दर, ठरवते, ते ‘मॉनेटरी’ धोरण. १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमात दुरुस्ती करून २०१६ मध्ये स्थापन झालेली सहा सदस्यांची पतधोरण समिती हा दर ठरवते. त्यामुळे ‘सरकारने आर्थिक धोरण बदलले’ असे मराठी वाक्य इंग्रजीत नेताना बदल कोणी आणि कशात केला हे आधी पाहावे लागते. मराठी वृत्तपत्रांत एकाच ‘फिस्कल’ तुटीला कधी ‘राजकोषीय तूट’ तर कधी ‘वित्तीय तूट’ म्हटले जाते. यांपैकी पहिली संज्ञा मला अधिक योग्य वाटते, कारण ‘वित्तीय’ हा शब्द ‘फायनान्शियल’साठी राखला, तर दोन्ही संकल्पना मराठीतही वेगळ्या राहतात.

करारात ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ असे दोन शब्द येतात. दोन्हींचा अर्थ ‘रद्द’ असाच घ्यावा का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडू शकतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २ मध्ये दोन्हींची व्याख्या आहे. जो ठराव, म्हणजे पक्षांनी आपसात ठरवलेली बोली, कायद्याने अंमलात आणता येत नाही, तो ‘व्हॉइड’. जो करार एका किंवा अधिक पक्षांच्या इच्छेनुसार अंमलात आणता येतो, पण दुसऱ्या पक्षाच्या इच्छेने आणता येत नाही, तो ‘व्हॉइडेबल’. मराठी कायदेविषयक लेखनात यांना अनुक्रमे ‘शून्य’ आणि ‘शून्यकरणीय’ म्हणतात.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्याची संमती धाकदपटशाने किंवा फसवणुकीने मिळवली असेल, तर तो करार ‘व्हॉइडेबल’ असतो. फसवला गेलेला पक्ष तो रद्द करू शकतो आणि त्याला फायद्याचा वाटल्यास कायमही ठेवू शकतो. जोवर तो रद्द करत नाही तोवर करार जिवंत असतो. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्याने, केलेला ठराव मात्र मुळातच ‘व्हॉइड’ आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील भारतासाठीच्या सर्वोच्च अपील न्यायसंस्थेने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात ठरवले. तेथे कोणाच्या इच्छेचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही ठिकाणी ‘रद्दबातल’ लिहिणारा अनुवादक फसवल्या गेलेल्या माणसाच्या हातातला पर्याय कागदावरून पुसून टाकतो. ‘एबल’ हा शेवट शक्यता दाखवतो, एवढे जरी ध्यानात राहिले तरी ही चूक टळते.

‘ज्युडिशियल’ आणि ‘ज्युडिशस’ यांचेही असेच आहे का?

ते दोन स्वतंत्र अर्थ आहेत. ‘ज्युडिशियल’ म्हणजे न्यायालयाशी संबंधित, न्यायिक. ‘ज्युडिशस’ म्हणजे तारतम्याने केलेला, विवेकी. पाण्याचा वापर ‘ज्युडिशस’ असावा, चौकशी ‘ज्युडिशियल’ असावी. ‘ऑफिशियल’ म्हणजे अधिकृत, तर ‘ऑफिशस’ म्हणजे नको तेथे अधिकार गाजवणारा, लुडबुड करणारा. सरकारी पत्रात हे दुसरे विशेषण चुकून एखाद्या अधिकाऱ्याला लागले, तर तो त्याचा उघड अपमान ठरतो.

डॉक्टरांच्या अहवालात ‘अक्यूट’ लिहिले असेल, तर आजार गंभीर आहे असे समजावे का?

‘अक्यूट’ हे विशेषण आजाराच्या काळाविषयी बोलते : तो अचानक सुरू झाला आहे आणि सहसा थोड्या काळाचा आहे. गंभीरतेसाठी ‘सिव्हिअर’ हा वेगळा शब्द आहे. श्वासनलिकांचा ‘अक्यूट’ दाह अनेकदा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. उलट हृदयविकाराचा ‘अक्यूट’ झटका जीवघेणा असू शकतो. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा, जसा मधुमेह किंवा उच्च रक्तदाब. मूत्रपिंडाच्या आजाराला ‘क्रॉनिक’ म्हणण्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो, यावरूनच या विशेषणाचा संबंध मुदतीशी आहे हे दिसते. मराठीत ‘अक्यूट’साठी ‘तीव्र’ हा शब्द रूढ झाल्याने गोंधळ वाढला आहे, कारण सामान्य वाचकाला ‘तीव्र’ म्हणजे जोरदार असेच वाटते. रुग्णांसाठीच्या पत्रकांत ‘अचानक उद्भवलेला’ आणि ‘दीर्घकाळचा’ असे सरळ लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

याच अहवालांतील आणखी दोन विशेषणे घरच्यांना विनाकारण घाबरवतात किंवा खोटा धीर देतात. सोनोग्राफीच्या अहवालात यकृत ‘अनरिमार्केबल’ आहे असे लिहिलेले असेल, तर नोंद करण्याजोगे काही आढळले नाही, म्हणजे यकृत सामान्य दिसते, असा त्याचा अर्थ होतो. ‘बिनाइन’ म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. पण तेवढ्यावरून ती नेहमीच निरुपद्रवी ठरत नाही, कारण मेंदूतली अशी गाठ केवळ दाबामुळेही धोकादायक होऊ शकते.

‘इन्फेक्शस’ आणि ‘कंटेजस’ हे दोन्ही ‘संसर्गजन्य’च ना?

‘इन्फेक्शस’ म्हणजे जिवाणू, विषाणू किंवा परजीवी यांच्यामुळे होणारा आजार. ‘कंटेजस’ म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला सहज लागणारा. गोवर दोन्ही आहे. हिवताप ‘इन्फेक्शस’ आहे, पण ‘कंटेजस’ नाही, कारण त्यासाठी मध्ये डास लागतो. धनुर्वातही जिवाणूमुळे होतो, तरी तो रुग्णाजवळ बसल्याने होत नाही. हिवतापाच्या रुग्णाला घरात वेगळे ठेवणाऱ्या माणसांना हा फरक कळला, तर एका आजारी माणसाचा एकटेपणा टळेल.

पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लॅमेबल’ लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार नव्हे का?

येथे नव्हे. हे ‘इन’ लॅटिनमधील ‘इन्फ्लमारे’, म्हणजे पेटवणे, या क्रियापदातून आले आहे. त्यामुळे ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इन्फ्लॅमेबल’ दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही असाच होतो. नकाराचा भास होऊन अपघात घडू नयेत, म्हणून १९२० च्या दशकापासून अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात ‘फ्लॅमेबल’ हे रूप आग्रहाने पुढे आणले गेले. भारतीय रस्त्यांवर जुने रूप अजून टिकून आहे. नव्याने फलक रंगवणाऱ्याने ‘फ्लॅमेबल’च लिहावे, न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉन-फ्लॅमेबल’ हा शब्द आहे.

‘इनव्हॅल्युएबल’बाबतही हीच शंका घेतली जाते. त्याचा अर्थ ‘ज्याची किंमत करता येत नाही इतके मोलाचे’ असा आहे. अनमोल वस्तूसाठी ‘प्राइसलेस’ आणि कवडीमोलाच्या वस्तूसाठी ‘वर्थलेस’ वापरतात. शेवट दोन्हींत ‘लेस’ हाच आहे आणि अर्थ मात्र दोन टोकांचे आहेत, म्हणून केवळ उपसर्ग-प्रत्यय पाहून अर्थ ठरवण्याची सवय सोडलेली बरी.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांत फरक आहे का, की ते आता एकच मानले जातात?

काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत फरक आहे. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. पंच ‘डिसइंटरेस्टेड’ असलाच पाहिजे, ‘अनइंटरेस्टेड’ असता कामा नये. मौजेची बाब अशी की सतराव्या शतकात हे दोन शब्द याच्या अगदी उलट अर्थांनीही वापरले गेलेले आढळतात. त्यामुळे ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थी वापरणाऱ्याला अडाणी ठरवणे न्यायाचे नाही. पण तुम्ही स्वतः लिहिताना भेद पाळावा, कारण निःस्वार्थीपणा इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे विशेषण सहज सापडत नाही.

‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांत मराठी विद्यार्थ्यांची हमखास चूक का होते?

कारण मराठीची वाक्यरचना वेगळी आहे. ‘मला कंटाळा आला’ या वाक्यात भावना अनुभवणारा चतुर्थी विभक्तीत येतो आणि विशेषणाची गरजच पडत नाही. इंग्रजीत मात्र भावना ज्याला होते त्याच्यासाठी ‘एड’चे रूप आणि ज्यामुळे होते त्याच्यासाठी ‘इंग’चे रूप निवडावे लागते. व्याख्यान ‘बोअरिंग’ असते, श्रोता ‘बोअर्ड’ होतो. मुलाखतीत ‘आय ॲम एक्सायटिंग’ म्हणणाऱ्याला उत्सुकता सांगायची असते, पण ऐकणाऱ्याला तो स्वतःविषयी भलतेच काही सांगतो आहे असे वाटते. ‘कन्फ्यूज्ड–कन्फ्यूजिंग’, ‘टायर्ड–टायरिंग’, ‘सॅटिस्फाइड–सॅटिस्फाइंग’ या सर्व जोड्या याच नियमाने चालतात. विशेषणांच्या क्षेत्रात इतका सरळ नियम क्वचितच मिळतो.

‘सेन्सिबल’, ‘सेन्सिटिव्ह’, ‘सेन्स्युअस’ आणि ‘सेन्शुअल’ एकाच मुळापासून आले आहेत, तर अर्थ इतके दूर कसे?

‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, व्यवहारी शहाणपणाचा. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे संवेदनशील; ते त्वचेला, विषयाला आणि माणसाला लागते. ‘सेन्शुअल’मध्ये शरीरसुखाचा अर्थ प्रबळ आहे. तो अर्थ टाळून केवळ इंद्रियांना जाणवणाऱ्या सौंदर्याविषयी बोलता यावे, म्हणून इंग्रज कवी मिल्टनने १६४१ मध्ये ‘सेन्स्युअस’ हा शब्द वापरात आणला. पुढे कवी कोलरिजने तो पुन्हा प्रचलित केला. कवितेच्या समीक्षेत ‘इंद्रियसंवेद्य’साठी हाच शब्द हवा. दुर्दैवाने आता बोलण्यात हा भेद बराच पुसट झाला आहे, म्हणून व्यक्तीविषयी लिहिताना दोन्ही शब्द जपूनच वापरावेत.

याच पद्धतीने ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे प्रतिष्ठित, ‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे आदर दाखवणारा आणि ‘रिस्पेक्टिव्ह’ म्हणजे ज्याचा त्याचा. ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह, ‘क्रेड्युलस’ म्हणजे चटकन विश्वास ठेवणारा भोळा. पर्यटन मंत्रालयाने २००२ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतला भारत ‘इन्क्रेडिबल’ आहे, म्हणजे विश्वास बसू नये इतका अद्भुत. तो पाहून ज्याचा विश्वास बसत नाही तो पर्यटक ‘इन्क्रेड्युलस’.

ज्या विशेषणांचा उच्चारही एकच आहे, त्यांचे काय करावे?

तेथे स्पेलिंगच पाहावे लागते. ‘कॉम्प्लिमेंटरी’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत. मध्ये ‘आय’ असलेला शब्द प्रशंसेचा किंवा विनामूल्य दिलेल्या गोष्टीचा आहे, म्हणून हॉटेलातील नाश्ता त्या स्पेलिंगचा. मध्ये ‘ई’ असलेला शब्द ‘पूरक’ या अर्थाचा, म्हणून भूमितीतले कोटिकोन त्या स्पेलिंगचे. ‘डिस्क्रीट’मध्ये दोन ‘ई’ लागून आले तर अर्थ ‘गुप्तता राखणारा, जपून बोलणारा’, आणि दोन ‘ई’मध्ये ‘टी’ आला तर अर्थ ‘सुटासुटा, विलग’. दुसऱ्या शब्दात अक्षरेही विलग झाली आहेत, ही खूण पुरेशी आहे.

‘अलोन’ आणि ‘लोनली’?

‘अलोन’ ही वस्तुस्थिती आहे, ‘लोनली’ ही वेदना आहे. शिवाय ‘अलोन’, ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अफ्रेड’ ही विशेषणे ‘एकटा’, ‘झोपलेला’ अशा अर्थाने नामाच्या आधी येत नाहीत. झोपलेले मूल म्हणायचे असेल तर ‘स्लीपिंग’ वापरावे लागते.

‘एल्डर’–‘ओल्डर’, ‘फार्दर’–‘फर्दर’, ‘कन्टिन्युअल’–‘कन्टिन्युअस’ यांबाबत किती काटेकोर असावे?

पहिल्या जोडीत काटेकोर असावे. ‘एल्डर’ हे नात्यातल्या थोरलेपणासाठी आहे आणि त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही. ‘फार्दर’ अंतरासाठी आणि ‘फर्दर’ अधिकच्या अर्थी, हा भेद आता सैल झाला आहे. अंतरासाठीही ‘फर्दर’ चालते, पण ‘अधिक माहिती’साठी ‘फार्दर’ चालत नाही. ‘कन्टिन्युअल’ म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा होणारे, ‘कन्टिन्युअस’ म्हणजे अखंड. तांत्रिक लेखनात हा भेद अवश्य पाळावा. घरगुती पत्रात त्यावरून कोणाला टोकू नये.

विवाहविषयक जाहिरातींतील ‘होमली’ आणि ‘व्हीटिश’ हे शब्द परदेशात चालतील का?

आपल्याकडे ‘होमली’ मुलगी म्हणजे घर सांभाळणारी, कुटुंबात रमणारी. ब्रिटिश इंग्रजीत हे विशेषण बहुधा जागेला लागते आणि त्याचा अर्थ घरच्यासारखा ऊबदार असा होतो. अमेरिकेत मात्र माणसाला ‘होमली’ म्हणणे म्हणजे तो दिसायला सामान्य किंवा कुरूप आहे असे सांगणे. ‘व्हीटिश’ हे ‘गव्हाळ’चे भारतीय इंग्रजीतले रूप असून भारतीय उपखंडाबाहेर ते सहसा कोणाला कळत नाही. अमेरिकेत वाढलेल्या मराठी कुटुंबांना परिचयपत्र पाठवताना ‘होमली’च्या जागी ‘फॅमिली-ओरिएंटेड’ लिहावे. वर्णाचा उल्लेख मात्र तेथे, आणि खरे तर येथेही, पूर्णपणे वगळावा.